मिस्त्रींच्या टाकीचं झाकण

चौथा खड्डा कमरेइतका झाला आणि मिस्त्रींच्या मुलानं फावडं भिरकावलं.

"बाबा, आता खरं सांगा. टाकीचं झाकण नक्की कुठंय?"

"हातभर डावीकडं खण," मिस्त्री कट्ट्यावर मांडी घालूनच म्हणाले. "टाकी मी बांधलीय का तू?"

मिस्त्री आमचे शेजारी. जन्म गवंडीकामात गेला. आता हात थकले होते, तोंड नाही. तीन दिवस झाले, त्यांचा संडास तुंबला होता. पाणी ओतलं की खाली जायच्या ऐवजी गुडगुड करत वर यायचं. सगळं घर आमच्याकडं येत होतं, आणि मिस्त्रींना बसायला वेळ फार लागायचा. त्यामुळं ते झाकण सापडावं म्हणून त्यांच्यापेक्षा आम्हीच जास्त व्याकूळ. मीही सकाळपासून कुंपणाला चिकटून होतो.

बावीस वर्षांत ती टाकी एकदाही उपसली नव्हती. सून दरवर्षी म्हणायची, "मामंजी, तीन-चार वर्षांनी टाकी उपसून घ्यावी लागते." मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं, "चांगली बांधलेली टाकी भरत नसते."

आता भरली होती. उपसा करणारा टँकर आमच्याकडं महिन्यातून एकदाच फिरकायचा, आणि तो आज दुपारी येणार होता.

पाचव्या खड्ड्यात एक गंजकी थापी निघाली.

"बघ!" मिस्त्री उसळले. "माझीच थापी! म्हणजे मी इथंच काम करत होतो!"

"काम केलं नाही असं कोण म्हणतंय बाबा, पण झाकण कुठंय?" मुलगा कपाळाला हात लावून बसला. पडलो तरी नाक वर, असा सगळा कारभार.

सून तोवर घरात होती. ती झाडांना पाणी घालायची लांब नळी घेऊन बाहेर आली. संडासामागच्या चेंबरचं झाकण तिनं उचललं आणि नळी आतल्या पाइपात सरकवत गेली. नळी पुढं अडली, तेव्हा चेंबरच्या तोंडाशी आलेल्या जागी तिनं नळीला चिंधी बांधली. मग नळी ओढून काढली, धुतली आणि चिंधी चेंबरवर ठेवून पाइपाच्या दिशेनं सरळ जमिनीवर अंथरली.

नळीचं टोक मिस्त्रींच्या कट्ट्याला जाऊन टेकलं.

तिनं पहार घेऊन कट्ट्याच्या कडेला हलकेच ठोकलं. ढब्‌ढब्‌ आवाज आला. वर बसून मिस्त्री मुलाला ओरडतच होते, "अरे, अजून डावीकडं!" सुनेनं माझ्याकडं बघितलं आणि ओठावर बोट ठेवलं.

टँकरचा हॉर्न वाजला तशी गल्ली जमली. टँकरवाला पाच खड्ड्यांकडं बघून म्हणाला, "काय हो, झाडं लावताय का?"

लोक हसले. मिस्त्रींचा चेहरा उतरला. तेवढ्यात सून मोठ्यानं म्हणाली, "कट्टा फोडा, झाकण त्याच्याखाली आहे. मामंजींनी कालच सांगितलं होतं. माझ्याच ध्यानातून गेलं."

मिस्त्री तिच्याकडं बघत राहिले. मग हळूच उठले आणि कट्ट्याकडं असे बघू लागले, जणू दुसऱ्याच कुणी बांधलाय. आयता पक्का पाया दिसला म्हणून झाकणावरच त्यांनी कट्टा बांधला होता आणि गेली बारा वर्षं रोज त्यावर बसत होते.

मुलानं राग घणावर काढला. कट्टा फुटला, खाली कड्यांची फरशी निघाली. फरशी सरकली तसे मिस्त्री पेटती बिडी घेऊन वाकले. टँकरवाल्यानं त्यांना दंड धरून मागं ओढलं.

"आजोबा! आत गॅस असतो! टाकीबरोबर तुम्हालाही उपसायचं का? डोकावायचंसुद्धा नाही!"

पंप सुरू झाला तशी बघ्यांनी नाकं झाकली आणि ते मागं सरले. टँकरवाला सुनेला सांगत होता, "तळाला थोडं ठेवलंय, विरजणासारखं. आणि ॲसिड ओतू नका. आतले जंतूच काम करतात बिचारे, तेच मरतात."

सुनेनं दोन बादल्या ओतल्या. पाणी सर्रकन खाली गेलं. आमच्या घरातून माझ्या बायकोचा सुस्कारा बाहेरपर्यंत ऐकू आला.

"मानलं, मिस्त्री!" दूधवाला म्हणाला. "बावीस वर्षांनी बरोबर आठवलं!"

मिस्त्रींनी ती शाबासकी घेतली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण त्यांनी मान हलवली.

"कसलं आठवतंय! साफ विसरलो होतो मी. सुनेनं शोधलं, आणि वर माझी लाजही झाकली."

सून नळी गुंडाळत राहिली. दूधवाल्याच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र मावळत चाललं होतं.

"मिस्त्री, आमची टाकीही तुम्हीच बांधलीय ना? तिचं झाकण कुठंय?"

मिस्त्रींनी आभाळाकडं बघितलं.

"आणि आमच्या टाकीचं?" शिंपी पुढं सरकला. त्याच्यामागून पिठाच्या गिरणीवाली म्हणाली, "आमच्या टाकीवर तर तुम्ही न्हाणी बांधून दिलीत की काय हो?"

मिस्त्रींनी पायात चपला सरकवल्या. "सूनबाई," ते म्हणाले, "तू पुढं हो. मी पहार घेऊन मागं येतो."

टँकरवाल्यानं चालू केलेलं इंजिन बंद केलं आणि सावली बघून बूड टेकलं.