शेजारची कातडी

"हे आडनाव ओळखीचं दिसतंय गं," नमुन्याची बाटली उजेडाकडे धरून मामा म्हणाले. "तुझ्या घरचं कुणी?"

"नणंद."

"मग मी हात लावत नाही बाबा. नात्यातलं काही बिघडलं की जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. तूच कर."

मामा प्रयोगशाळेतले सगळ्यांत जुने मदतनीस. त्यांच्या अशा बोलण्यावर ती रोज हसायची. आज नुसतीच बाटली घेऊन आपल्या जागेवर आली. तळाशी डाळीच्या दाण्याएवढा कातडीचा तुकडा पडला होता. नणंदेच्या, म्हणजे अक्कांच्या, घोट्याच्या जरा वरचा.

अक्कांचे पाय जळत होते. आजकालचे नव्हे, कित्येक वर्षं. कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे ठाण उलगडत त्यांनी उभ्याने नोकरी केली, धाकट्या भावाचं शिक्षण केलं, स्वतःचा संसार मांडायचा राहूनच गेला. नोकरी सुटली आणि त्या भावाकडे राहायला आल्या, तेव्हा पायांची आग सोबत आली. रक्त तपासलं. कमरेची चित्रं काढली. सगळं ठीक. एका डॉक्टरने वय म्हटलं, दुसऱ्याने एकटेपणा. अक्का खुर्चीत बसून पाय गार फरशीवर टेकवायच्या, मग उचलायच्या, मग पुन्हा टेकवायच्या. टीव्हीवर कितीही विनोदी काही चालू असलं तरी हे चालूच.

आता एका नव्या डॉक्टरने ही तपासणी सांगितली होती. कातडीचा तुकडा काढला त्या दिवशी रिक्षातून परतताना नवरा म्हणाला होता, "अक्का, हे शेवटचं. यात काही निघालं तर पुढचं बघू. नाही निघालं, तर घरात पायाचं नाव काढायचं नाही. खरंच सांगतो, मी थकलो."

तो वाईट नव्हता. दवाखान्यांच्या बाकांवर बसून बसून त्याच्या रजा संपल्या होत्या, साहेबांची बोलणी खाल्ली होती. थकलेला दिसतही होता.

"बरं बाबा," अक्का म्हणाल्या होत्या. "नाही काढणार."

कामाला बसण्याआधी हात जोडायचे आणि, ही कातडी ज्याची त्याचं भलं होवो, एवढं मनात म्हणायचं, हा तिचा नेम. आज हात जोडले आणि ती अडली. अक्कांचं भलं कशात म्हणायचं? पायातल्या नसांचे धागे शाबूत निघाले, तर अक्का खोट्या पडणार. धागे झडलेले निघाले, तर खऱ्या ठरणार. देवाकडे मागायचं तरी काय? शेवटी नुसतीच मान लववली आणि तुकडा गोठवायला ठेवला.

काम तसं सरळ. नसेची पेशी बसलेली असते पाठीच्या कण्यापाशी, आणि तिचा एकच लांबलचक हात थेट पायाच्या कातडीपर्यंत पोचलेला असतो. हा हात इतका बारीक, की नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली काही कळत नाही. पण त्याच्यात एक प्रथिन असतं, ते आसपासच्या कातडीत नसतं. त्या प्रथिनालाच जाऊन चिकटेल असं एक द्रव्य गोठलेल्या तुकड्याच्या पातळ कापांवर सोडायचं, रात्रभर ठेवायचं, आणि मग त्यावर रंग चढवायचा. धागा असेल तिथे तपकिरी रेघ उमटते. नसेल तिथे काही नाही.

पण "काही नाही" यावर विश्वास कसा ठेवायचा? म्हणून प्रत्येक वेळी निरोगी कातडीचा एक काप शेजारी लावतात. त्यात रेघा उमटल्या, तरच रोग्याच्या कोऱ्या कातडीला अर्थ. ही तपासणी नवीन सुरू झाली तेव्हा अशी कातडी कुठून आणायची यावर बरीच चर्चा झाली होती. मामा म्हणाले होते, माझी नको, माझी गेंड्याची आहे. शेवटी तिनेच आपला पाय पुढे केला. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक रोग्याशेजारी तिची कातडी असायची. आज अक्कांशेजारी.

दुसऱ्या दिवशी रंग चढवून झाल्यावर तिने आधी अक्कांची काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. खरं तर आधी शेजारची बघायची पद्धत. राहवलं नाही.

कोरी. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही रेघ नाही.

तिचा ऊर भरून आला. "निघालं," ती पुटपुटली. निघालं, अक्का! आता म्हणू दे कुणी काही. आणि त्याच क्षणी तिने सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले. घरातल्या बाईच्या पायातल्या नसा मेल्या म्हणून आपण हरखलो? देवा, हे काय मागत होते मी?

मग तिने स्वतःची काच लावली. तीही कोरी.

तिने दोन्ही काचा आलटूनपालटून पुन्हा लावून पाहिल्या. जेवणाच्या डब्याचं झाकण लावत मामा तिच्यामागे येऊन उभे राहिले.

"काय झालं?"

"माझ्याही पायात नसा नाहीत म्हणे."

"तरीच. दिवसभर उभी असतेस आणि हूं की चूं नाही," मामा म्हणाले. मग वाकून बघितलं. "अगं, द्रव्य खराब झालंय. नवीन बाटली फोड. कर पुन्हा."

अक्कांच्या तुकड्याचे आणखी काप शिल्लक होते. तिने नवी बाटली काढली, पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं.

या खेपेला तिच्या कातडीत रेघा उमटल्या. आणि अक्कांच्याही. गवताच्या पात्यांसारख्या बारीक, उभ्या, सरळ वर चढत गेलेल्या. भरपूर.

काचेवरच्या रेघा मोजून अहवाल लिहायचं काम प्रयोगशाळेच्या डॉक्टर मॅडमचं. त्या मोजत असताना ती तिथेच घुटमळली.

"मॅडम, धागे जरा कमी नाही वाटत?"

"तुला कमी वाटायला हवेत, म्हणून वाटतायत." मॅडमनी मान वर केली. आवाज कडक नव्हता. "सर्वसाधारण आहे हे. तसंच लिहावं लागेल."

"पण त्यांना खूप होतं हो. खोटं नाहीये ते."

"मी कुठे म्हणते खोटं आहे? तार आहे की नाही, एवढंच मला इथे दिसतं. तारेतून काय वाहतंय, ते नाही दिसत." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "घरी नीट सांग. कागद वाचून माणसं भलतंच समजतात."

घरी नीट सांगायचं तिने ठरवलंही होतं. पण नवऱ्याने कागद घेतला, खालची ओळ वाचली आणि घडी घातली.

"सर्वसाधारण. म्हणजे काही नाही."

"अहो, तसं नसतं ते. मॅडम म्हणाल्या..."

"पुरे गं आता." तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. "अक्का, ठरलं होतं ना आपलं?"

"ठरलं होतं," अक्का म्हणाल्या.

तो आत गेल्यावर अक्कांनी तिला जवळ बोलावलं. "तू पाहिलेस ना गं स्वतः? माझ्या पायातले धागे?"

"पाहिले."

"आहेत?"

"आहेत अक्का. सगळे. माझ्याएवढेच." तिला अक्कांकडे बघवेना.

अक्कांचा चेहरा मात्र पडला नाही. उलट जरा सैल झाला. "तेच म्हणते मी. आहेत, म्हणून तर जळतंय. नसते तर जळायला होतं काय तिथे?"

इतकी वर्षं काचा रंगवून हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. बरोबर होतं की चूक, तेही ठाऊक नव्हतं.

अक्कांनी शब्द पाळला. पाय टेकवणं-उचलणंसुद्धा भावासमोर बंद केलं. तो घरात असला की त्या खुर्चीखाली पाय ओढून घट्ट बसायच्या, ओठ मिटून. टीव्हीवरच्या विनोदाला जरा जास्तच हसायच्या. ते बघणं जास्त कठीण होतं.

मग एका संध्याकाळी तिघं जेवायला बसली असताना तिने विचारलं, "अक्का, आज पाय कसे आहेत?"

नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. ती वाढत राहिली.

"बरे आहेत," अक्का घाईने म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं. "बरे आहेत." तिसऱ्या दिवशीही तेच. नवरा एकदा आतल्या खोलीत म्हणाला, "का उकरून काढतेस?" ती म्हणाली, "तुम्हाला उत्तर द्यायचं नाहीये. मी त्यांना विचारते." तो कुशीवर वळला. ती मात्र रोज विचारत राहिली. आवाज न चढवता, मीठ पुढे सरकवावं तितक्या सहज. रोज तेच उत्तर यायचं आणि जेवण पुढे चालायचं.

असे बरेच दिवस गेले. नवऱ्याचं तिच्याकडे बघणंही बंद झालं. तो ताटात बघून जेवायचा.

एक दिवस तिने विचारलं, आणि अक्का लगेच बोलल्या नाहीत. पाण्याचा पेला उचलला, तसाच खाली ठेवला.

"डावा बरा आहे," त्या म्हणाल्या.

ती वाढायचा चमचा हातात धरून थांबली. नवरा मान खाली घालून जेवत होता. त्याने घास संपवला, पाणी प्यायलं, आणि ताटाकडेच बघत विचारलं,

"आणि उजवा?"