वर फोटो, खाली आई

मित्रांनो, शिलाई मशीनच्या शेजारी, कापडाच्या गठ्ठ्याला टेकून जो पिवळट पडलेला डबा बसलाय ना, तो मी. या घरातला जुना संगणक. जुना म्हणजे किती, तर मला सुरू करून लोक चहा टाकायला जातात, चहा पिऊन कप विसळून परत येतात, आणि तरी मी आपला जांभया देत असतो. पण मला हसू नका. माझ्या पोटात एक गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला भंगारात जायचं नाही.

माझा जन्म काही मोठ्या थाटात झाला नाही. एका दुकानदाराने इकडचा पंखा, तिकडची तार असं जमवून मला जोडलं आणि या शिंप्याच्या घरी आणून ठेवलं. शिवणाऱ्या माणसाला सगळे मास्तर म्हणतात, तसे हेही मास्तरच. पुढच्या खोलीत मास्तर आणि त्यांची बायको कपडे शिवत, मागच्या खोलीत संसार. मी आलो तो त्यांच्या एकुलत्या एक चिंगीसाठी. ती तेव्हा शाळेत होती. तिने माझ्यावर अभ्यास कमी केला आणि पत्त्यांचे डाव जास्त मांडले, पण माझं कौतुक काय विचारता! कुणी घरी आलं की आधी मला दाखवायचे. चिंगीच्या आईने उरलेल्या अस्तरातून मला झाकण शिवलं, आणि माऊसला चक्क वेगळी टोपी.

चिंगी मोठी झाली, लग्न होऊन विमानाने जावं लागतं इतक्या लांब गेली आणि माझी सद्दी संपली. झाकण माझ्यावर कायमचंच पडलं. झाकणावर कात्र्या, मापाची टेप, अर्धवट उसवलेल्या बाह्या. मला वाईट वाटलं, पण रुसून करतो काय?

मग चिंगीची आई आजारी पडली. औषधांनी तिचे केस गेले, गाल बसले, डोळ्यांखाली काळं झालं. नेमके त्याच वेळी चिंगीला दिवस गेलेले, आणि डॉक्टरांनी तिला प्रवासाची मनाई केलेली. चिंगीच्या आईने मास्तरांना बजावलं, “तिला काही कळू द्यायचं नाही. सुखरूप बाळंत होऊ दे, मग काय ते सांगू.” फोनवर ती उसनं बळ आणून बोलायची. चेहरा दाखवायची वेळ आली की “नेटच चालत नाही गं,” म्हणायची.

पण नातवंडाचं पहिलं झबलं चिंगीने आपल्या हाताने शिवावं, अशी तिची फार इच्छा होती. म्हणून तिने व्हिडिओ करून घेतला. डोक्याला रुमाल बांधून ती मशीनपाशी बसली, मास्तरांनी फोन धरला, आणि कापड बेतण्यापासून बाही जोडण्यापर्यंत सगळं तिने सांगत सांगत शिवलं. मास्तरांच्या फोनमध्ये गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे फोटो खच्चून भरलेले, त्यामुळे व्हिडिओ माझ्यात उतरवला आणि फोनमधून पुसून टाकला. माझ्या पडद्यावर तिने स्वतःला पाहिलं.

“हे नाही पाठवायचं,” ती म्हणाली. “पोर हबकून जाईल. अहो, यावर माझे चांगले फोटो लावता येतील का?”

अशा रीतीने माझं झाकण पुन्हा निघालं. माझ्याकडे एक साधा, घरगुती प्रोग्राम होता. त्यात खालच्या पट्टीवर व्हिडिओ ठेवायचा आणि वरच्या पट्टीवर फोटो. मग पडद्यावर फोटो दिसायचा, आवाज मात्र खालच्या व्हिडिओचा चालू राहायचा. मास्तरांना ते पटकन उमगलं. “अगं, हे तर ठिगळ,” ते म्हणाले. “खालचं कापड तसंच, वरून तुकडा लावायचा.”

आधी त्यांनी तिचा एक फोटो छोटा करून नेमका तोंडावर बसवला. हात झाकून चालणार नव्हतं, नाहीतर चिंगीला दिसणार काय? पण फोटो जागचा हलेना, आणि ती तर सुईत दोरा ओवायला वाकलेली. फोटोतली बाई समोर बघून हसतेय आणि तिच्या हनुवटीखालून रुमाल बांधलेलं दुसरं डोकं हळूच बाहेर येतंय. चिंगीची आई खोकला येईपर्यंत हसली. “अहो, मला दोन डोकी फुटली की.” मास्तरही हसले. त्या खोलीत बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं.

शेवटी सगळा पडदाच फोटोंनी झाकायचं ठरलं. “हात दिसणार नाहीत मग,” मास्तर म्हणाले. “ऐकून शिवेल,” ती म्हणाली. “माझीच मुलगी आहे ती.”

लग्नातला, सहलीतला, चिंगीला कडेवर घेतलेला, असे फोटो मास्तरांनी एकाला एक लावले. एकेक फोटो ओढून लांब करायचा आणि पुढच्याला भिडवायचा. मास्तरांचं काम चोख. एका जागी मात्र दोन फोटोंमध्ये फट राहिली. पापणी लवते न लवते तोच खालची ती दिसून जायची. “तिथे टाका सुटलाय बरं का,” चिंगीची आई म्हणाली. “घालतो उद्या,” मास्तर म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथूनही तिने पिच्छा सोडला नाही, “पाठवलंत का?” मग मास्तरांनी फट तशीच ठेवली, मी दोन्ही पट्ट्या एकजीव करून फिल्म तयार केली आणि ती चिंगीला गेली.

चिंगीचा फोन आला. “आई, हे काय, नुसते फोटोच फोटो?”

“तुझ्या बाबांना नवीन खेळणं मिळालंय,” आई म्हणाली.

आता घात कसा झाला तो ऐका, मित्रांनो. मी गच्च भरलो होतो. गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे फोटो ठेवायला जागा नव्हती, आणि मूळ व्हिडिओने तर बरीच जागा अडवलेली. मास्तरांचा सगळा जन्म ठिगळं लावण्यात आणि उसवण्यात गेला. वरचा तुकडा उसवला की खालचं कापड जिथल्या तिथे असतं, हे त्यांचे हात जाणत होते. प्रोग्राममध्ये फोटोंच्या खाली व्हिडिओची पट्टी डोळ्यांना दिसत होती. मग एकाच गोष्टीच्या दोन प्रती कशाला? त्यांना काय ठाऊक, की त्या पट्टीत कापड नसतंच. कापड कुठे ठेवलंय, त्याचा नुसता पत्ता असतो. त्यांनी मूळ व्हिडिओ पुसायला घेतला, तेव्हा मी विचारलं, कायमचं काढून टाकायचं का? मला एवढंच विचारता येतं. त्यांनी होय म्हटलं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

बाळाचं तोंड न बघताच चिंगीची आई गेली.

चिंगी आली ती बाळाला घेऊन, सगळं उरकल्यावर. मशीनसमोर उभी राहिली, रडलीसुद्धा नाही. “तुम्ही मला तिचं तोंडही बघू दिलं नाहीत, बाबा,” एवढंच म्हणाली.

मास्तरांनी मान वर केली. त्यांच्याकडे तिला द्यायला एकच गोष्ट होती आणि ती त्यांनी राखून ठेवली होती. “आहे गं,” ते म्हणाले. “फोटोंच्या खाली आहे ती. थांब, उसवून दाखवतो.”

त्यांनी मला सुरू केलं. त्या दिवशी चहा कुणी टाकला नाही. पहिला फोटो त्यांनी बाजूला ओढला. खाली काळं. दुसरा ओढला. काळं. फाइल सापडत नाही, असं मी पुन्हा पुन्हा सांगत होतो, तरी शेवटचा फोटो निघेपर्यंत ते थांबले नाहीत. “मी तिला काढलं नाही गं,” ते म्हणत होते. “नुसतं वरून झाकलं होतं.”

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने माझं पोट धुंडाळून पाहिलं आणि मान हलवली. “काका, त्या जागेवर दुसरं येऊन बसलंय.” गिऱ्हाइकांचे कपडे येऊन बसले होते, मित्रांनो. कॉलर आणि खिसे.

आता उरली होती ती तयार फिल्म. मास्तरांनी ती लावली. चिंगीने बाळाला मांडीवर घेतलं आणि त्याच्या अंगावरचं झबलं सारखं केलं. ऐकून शिवलेलं झबलं, एक बाही उलटी लागलेली. ते मास्तरांच्या केव्हाच लक्षात आलं होतं, पण ते काही बोलले नव्हते. पडद्यावर फोटो हसत होते आणि खाली कात्री कराकरा चालत होती. “बाही उलटी लावशील बघ,” आईचा आवाज म्हणाला, “तुझी नेहमीची खोड.” तेव्हा चिंगी रडली.

आणि रडता रडता एकदम थांबली. “बाबा, मागे घ्या जरा.” आजवर तिने ही फिल्म नुसती ऐकली होती, नजर सगळी सुईकडे. मास्तरांनी मागे घेतलं. तीच ती सुटलेल्या टाक्याची जागा. रुमाल बांधलेलं डोकं, बसलेले गाल, अर्धवट मिटलेले डोळे, दाताने दोरा तोडत असलेली आई. हा चेहरा कुणी अल्बममध्ये लावला नसता. चिंगीने पडद्यावर हात ठेवला.

“अशी दिसायची?”

“अशीच,” मास्तर म्हणाले. “मी घालणार होतो गं तो टाका.”

म्हणून सांगतो मित्रांनो, आपलं माणूस आजारी दिसतं, थकलेलं दिसतं, म्हणून त्याला झाकू नका. झाकलंच, तर झाकलेलं पुसू नका. आणि माझ्यासारखा एखादा मुका डबा ‘कायमचं काढून टाकायचं का’ असं विचारेल, तेव्हा जरा थांबून उत्तर द्या. आम्हाला दुसऱ्यांदा विचारता येत नाही.

चिंगी परत गेली. मास्तर रोज काम आटोपलं की माझं झाकण काढतात, नीट घडी घालून बाजूला ठेवतात आणि फिल्म लावतात. त्या जागी ते फिल्म थांबवत मात्र नाहीत. थांबवली की तिचाही फोटोच होतो. मी आता जागोजागी अडखळतो. “म्हातारा झालास रे,” मास्तर मला म्हणतात. ते खरंच आहे. पण त्या फटीपाशी मी रेंगाळतो, तो म्हातारपणामुळे नाही. मास्तर खुर्चीतून पुढे वाकतात. ती दोरा दातांत धरते, मान किंचित झटकते. जमेल तितकं मी तिला सावकाश जाऊ देतो. मग माझा जोर संपतो, आणि पुढचा फोटो येऊन तिला झाकून टाकतो.