लाल दोऱ्याचा तांब्या

कुकटपल्लीतल्या त्या फंक्शन हॉलमध्ये लग्नालाही एवढी गर्दी जमत नसेल. मराठी महिला मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि यंदाचं वाण म्हणजे लाघवानंद गुरुजींची 'मेदपरीक्षा'. दरवर्षी सुलतान बाजारातून स्टीलचे डबे आणून वाटणाऱ्या मंडळाने या वर्षी थेट आरोग्यच वाटायला काढलं होतं, आणि ते घ्यायला बायका एकमेकींच्या पदरावर पाय देत पुढे सरकत होत्या.

गुरुजी व्यासपीठावर बसले होते. रेशमी सोवळं, गालापाशी वळलेला माइक, आणि गुलाबाच्या अत्तराचा असा भपकारा की पहिल्या रांगेतली तान्ही पोरं शिंकत होती.

"ताई, तुम्हाला वाटतं, तुम्ही भात खाता," गुरुजी म्हणाले. "चूक! भात तुम्हाला खातो! आणि वजनकाटा? ते तर लोखंड. त्याला चरबीही कळत नाही आणि चारित्र्यही कळत नाही. काटा खोटं बोलेल, हळद खोटं बोलणार नाही!"

टाळ्या पडल्या. परीक्षा अशी असायची : पांढऱ्या साडीतली सेविका शेजारच्या दोन तांब्यांपैकी एकातलं तीर्थ बाईच्या हातावर ओतायची, मग गुरुजी आपल्या बोटांनी त्या ओल्या हाताला हळद फासायचे. बघता बघता पिवळी हळद रक्तासारखी लालभडक व्हायची.

"बघा! मेद बोलला!"

हॉलभर 'अगंबाई' उमटायचं. ज्या बायकांनी गुरुजींची पावडर आधीपासून सुरू केली होती, त्यांचे हात मात्र पिवळेधमक राहायचे. त्यांना 'मुक्त' म्हणत. शेजारच्या ब्लॉकमधली माधवी मुक्त झाली होती. पूर्वीचेच ब्लाउज तिला पूर्वीइतकेच घट्ट होत होते, पण हात पिवळा होता.

अश्विनीची पाळी आली तेव्हा चिमी तिच्या पोटाशी झोळीत झोपली होती. पाच महिन्यांची पोर. गुरुजींनी अश्विनीच्या दंडाचं मांस दोन बोटांत धरलं, बाजारात वांगं दाबून बघावं तसं.

"हा बाळंतपणाचा मेद. सगळ्यात हट्टी! बाळ आईला सोडत नाही ना, तसाच हाही सोडत नाही."

सगळा हॉल हसला. अश्विनीच्या सासूबाई, मंडळाच्या अध्यक्ष रंजनाताई, त्यासुद्धा हसल्या. अश्विनीच्या हातावरची हळद लाल झाली. तिला शिसारी आली, पण ती गुरुजींची नव्हे. स्वतःच्याच हाताची.

ही शिसारी काही त्या दिवशीची नव्हती. लिफ्टमध्ये कुणी विचारायचं, "काय गं, लगेच दुसऱ्याची तयारी?" नवऱ्याच्या, सौरभच्या फोनवर अजून तिचा लग्नाआधीचा बारीक फोटो होता. तो काही बोलायचा नाही, फक्त फोटो बदलत नव्हता. अश्विनीने काय काय करून पाहिलं नव्हतं! पहाटे चालायला जायचं ठरवलं, तर पहाटेच चिमी दुधाला उठायची. गच्चीवरच्या व्यायामाच्या वर्गाचे पैसे भरले, तर त्या वेळेला पोरीला धरणार कोण? सौरभची मीटिंग, सासूबाईंचं मंडळ. फोनमधलं ॲप रोज सांगायचं, आजचं ध्येय अपूर्ण. सगळ्या जगाला तिचं ध्येय ठाऊक होतं, त्यासाठी लागणारा अर्धा तास मात्र कुणाच्याच घरात सापडत नव्हता. गुरुजींचं बरं होतं. ते अर्धा तास मागत नव्हते. पावडर द्यायचे.

दोन वेळा पावडर, एक वाटी मुगाचं पाणी. डिंकाचे लाडू बंद. आणि डॉक्टरांना काही सांगायचं नाही, कारण 'डॉक्टरांच्या अहंकाराने औषधाची शक्ती जाते.'

पहिल्याच आठवड्यात काटा खाली आला. पावडर घेतली की बाथरूम गाठावं लागायचं, दिवसभर तोंडाला कोरड पडायची, उठलं की भिंत धरावी लागायची. "विष निघतंय," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. पुढच्या परीक्षेत अश्विनीचा हात पिवळा राहिला. मंडळाच्या ग्रुपवर त्या हाताचा फोटो फिरला, सौरभनेही अंगठा पाठवला.

फक्त चिमी रडायची. छातीशी घेतली की दोन घोट ओढायची, तोंड काढायची, आणि आईकडे अशी बघायची की अश्विनी मान फिरवायची.

लसीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पोरीला काट्यावर ठेवलं, मागचा आकडा पाहिला आणि चष्मा काढला. "पापा बरुवु पेरगलेदम्मा," त्या आधी तेलुगूत बोलल्या, मग तिच्यासाठी हिंदीत म्हणाल्या, "बच्ची का वजन बढाच नहीं. तुम खाना खा रहे कि नहीं?"

अश्विनीला गुरुजींचा नियम आठवला. मग तिने चिमीच्या मांडीकडे पाहिलं. वळ्या पडत होत्या तिथे आता कातडी सैल होती. तिने सगळं सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी पावडरची पुडी उघडून हुंगली. "इसमें जुलाब की चीज लगती है मेरे को. चरबी नक्को समझो, पानी जा रहा तुम्हारा. और दूध पानी से बनता, खाने से बनता. आज से ये बंद, खाना चालू!"

घरी येऊन तिने पुडी कचऱ्यात टाकली. सासूबाई म्हणाल्या, "टाकतेस काय? अगं, हात पिवळा झाला होता तुझा! तो खोटा का?"

त्याचं उत्तर अश्विनीला दुसऱ्या दिवशी दुपारी मोरीत सापडलं.

चिमी नुकती झोपली होती. तिच्या झबल्यावर अश्विनीच्या बोटांचे पिवळे ठसे होते. वरणाला फोडणी देताना चिमी रडली म्हणून हळदीच्या हातांनी तसंच उचललं होतं. अश्विनीने डागावर कपड्याचा साबण घासला आणि डाग लाल झाला. लालभडक. तेच तांबडं.

ती तशीच उकिडवी बसून राहिली. झबल्याला कसला आलाय मेद? लग्न झाल्यापासून हळदीचे डाग धुताना हे तिने कितीदा पाहिलं असेल! त्या हॉलमधल्या एकूण एक बाईने पाहिलं होतं. कपड्यावर दिसलं की तो डाग, आणि अंगावर दिसलं की तो चमत्कार?

अश्विनी नोकरीत सॉफ्टवेअर तपासायची, सध्या बाळंतपणाच्या रजेवर होती. तिच्या कामाचा नियम एकच, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलायची. हळद तीच होती. हातही तोच. मग बदललं काय? तिला सेविकेचे दोन तांबे आठवले. एकाच्या गळ्याला लाल दोरा होता. पहिल्या दिवशी तिच्या हातावर ओतला तो दोऱ्याचा तांब्या होता. पिवळ्या हाताच्या दिवशी, बिनदोऱ्याचा.

रथसप्तमीला हळदीकुंकवाची सांगता होती आणि गुरुजी पुन्हा आले होते. अश्विनी चिमीला झोळीत घेऊन व्यासपीठावर चढली.

"या, या! मुक्त माता!" गुरुजी माइकवर ओरडले. सेविकेने बिनदोऱ्याचा तांब्या उचलला.

अश्विनीने डावा हात पुढे केला, पाणी घेतलं. मग सेविका मागे फिरायच्या आत दुसरा तांब्या तिने स्वतःच उचलला आणि उजव्या हातावर ओतला.

"अहो ताई, त्याला हात नाही लावायचा!" सेविका किंचाळली.

"का? तीर्थच आहे ना?" समोरच्या ताटातल्या हळदीची बोटं अश्विनीने दोन्ही हातांवर ओढली आणि हात वर केले.

डावा पिवळा. उजवा लाल.

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे? उजव्याच बाजूला चरबी आहे का हिच्या?"

"विचारा गुरुजींना," अश्विनी म्हणाली. "माधवी, ये गं. तू तर कधीची मुक्त आहेस."

माधवी बिचकत आली. दोऱ्याच्या तांब्यातलं पाणी, वर हळद. हात लाल. ती रडवेली झाली. "अगं, मी तर थायरॉइडच्या गोळ्यासुद्धा सोडल्या गं यांच्या सांगण्यावरून!"

"पापदृष्टी आहे ही!" गुरुजी उठले. "या बाईच्या मनातला मेद तीर्थात उतरलाय! अध्यक्ष, हिला खाली घ्या!"

रंजनाताई उठल्या. पायऱ्या चढून आल्या. सासूबाईंनी अश्विनीकडे पाहिलंच नाही. त्यांनी तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवलं, दुसऱ्या बोटावर चोळलं, नाकाशी नेलं.

"चुन्याची निवळी," त्या म्हणाल्या. "माझ्या माहेरी नांदेडला घरीच कुंकू करायचे. हळदीत चुना घातला की कुंकू होतं. जन्मभर कपाळाला लावलं मी, आणि याच्यापुढे हात जोडून बसले!" असं म्हणत त्यांनी गुरुजींचं मनगट धरलं, तांब्या उपडा केला आणि वर मूठभर हळद थापली. गुरुजी हात सोडवत होते, पण मंडळाच्या अध्यक्षांची पकड ती, सुटते कसली?

गुरुजींचा हात कोपरापर्यंत लाल झाला.

"अगंबाई! गुरुजींचाही मेद बोलला की!"

हॉल पुन्हा हसला, पण आता वेगळ्या माणसाला. अश्विनी मात्र हसली नाही. याच तोंडांनी महिन्यापूर्वी तिच्या दंडाला हसून घेतलं होतं. गुरुजी मागच्या दाराने निघाले तेव्हासुद्धा एक बाई शेजारणीला विचारत होती, "पण पावडर तरी चांगली असेल ना?"

झटापटीत गुरुजींच्या गालावरचा माइक खाली पडला होता. अश्विनीने तो उचलला.

"पावडर जुलाबाची असावी, असं डॉक्टर म्हणाल्या," ती म्हणाली. "पाणी जातं, काटा उतरतो, आणि पाणी प्यायलं की काटा परत येतो. हळदीला आपल्या अंगातलं काही कळत नाही, तिला फक्त चुना कळतो. मी शिकलेली आहे, तरी फसले. का, ते सांगते. मला बारीक व्हायची घाई नव्हती, मला तुमच्या बोलण्यातून सुटायची घाई होती. शरीर हळू बदलतं. त्याला पुरेसं जेवण लागतं, झोप लागते, रोजचं थोडं चालणं लागतं. एवढं साधं असूनही आपल्याला जमत नाही, कारण आपण सगळ्या एकमेकींना फक्त टोमणे देतो, वेळ कुणीच देत नाही. चमत्कार विकणारा त्याच फटीतून आत शिरतो. पुढच्या वेळी कुणी हात लाल करून दाखवला, तर दुसरा हात पुढे करा. विचारा, याला का नाही झालं? आणि माधवी, गोळ्या आजपासून चालू कर आणि उद्या डॉक्टरांकडे जा. मी येते तुझ्याबरोबर."

चिमी जागी झाली होती, कुरकुरत होती. अश्विनी व्यासपीठाच्या पायरीवर बसली, पदर ओढला, पोरीला जवळ घेतलं. रंजनाताई शेजारी येऊन बसल्या. पिशवीतून त्यांनी लाडवांचा डबा काढला. आज वाटायला आणलेले, डिंकाचे.

"खा," त्या म्हणाल्या. "पोटभर खा. आणि हिचं झालं की दे माझ्याकडे. मंडळ काही माझ्यावाचून अडत नाही. तू जा जरा चालून ये."

अश्विनीने सगळ्यांसमोर लाडू फोडला आणि तोंडात टाकला. पदराआड चिमी घटाघट ओढत होती. या वेळी तिने तोंड काढलं नाही.