रीबेसलाइन

पुलाचं काम पुन्हा रखडलं, तेव्हा साहेबांनी फर्मान काढलं, “रीबेसलाइन करा!” इंजिनिअर घरी येऊन बूट काढतानाही तेच पुटपुटत होता.

“म्हणजे काय रे करायचं?” भाजी निवडता निवडता आईने विचारलं.

“जुनी तारीख पुसायची, नवी टाकायची आणि उशीर तिथून पुढे मोजायचा.”

“आणि आजवरचा उशीर?”

“तो झालाच नाही असं धरायचं.”

आईने बिनदाराच्या कपाटाकडे पाहिलं. बाबा सुतार. गावभर दारं बसवली, पण घरच्या कपाटाला दर वेळी ‘पुढच्या महिन्यात नक्की’! त्यांनी घाईघाईने पेपर तोंडासमोर धरला.

“अहो, ऐकलंत का? तुम्ही रीबेसलाइन करत होता. आणि मी मेली इतकी वर्षं त्याला थापा म्हणत होते!”