हजाराच्या पुढचे भाजक

पितळी पाटी कोरायची बाकी होती. कागदावर मजकूर तेवढा तयार होता: वर ६८५८२१७, खाली ‘मूळ संख्या’, आणि त्याखाली गणिताच्या सरांचं वर्गातलं ठरलेलं वाक्य, ‘हजारापर्यंत मी तपासलं, पुढचं माझ्या धाकट्यानं.’ सर गेल्यावर विद्यार्थ्यांनी ही पाटी त्यांच्या वर्गाच्या दारावर लावायचं ठरवलं. मजकूर पाहायला सरांचा धाकटा भाऊ आणि सरांची मुलगी कोरणाऱ्याच्या दुकानात आले होते.

आकडा मूळचा दोघा भावांच्या आईच्या शिलाई मशीनवरचा. कांजिण्यांमुळे दोघं भाऊ एका खोलीत अडकले होते, तेव्हा थोरल्यानं खेळ काढला. या संख्येला काही भागतं का, ते शोधायचं. सव्वीसशे अठरापर्यंत, म्हणजे तिच्या वर्गमुळापर्यंत, भाजक सापडला नाही, तर ती मूळ संख्या. हजारापर्यंतचे भाजक त्याचे, पुढचे धाकट्याचे.

“काका, एक सांगायचंय,” पुतणी म्हणाली. “सकाळी सहज मोबाइलवर पाहिलं. ही मूळ संख्या नाहीये. सतराशे नऊनं भाग जातो.”

“मोबाइलला काय कळतंय!” काकांनी पेन्सिल मागितली आणि टेबलावरच आकडा मांडायला घेतला.

“पाटी तुमची, टेबल माझं,” कोरणाऱ्यानं कोरा कागद पुढे सरकवला. “यावर लिहा.”

भागाकार चार हजार तेरा. बाकी शून्य. काकांनी पुन्हा भागलं. शून्यच.

“हा माझ्या वाट्याचा,” शून्यावर बोट ठेवून ते म्हणाले. “अंगाची नुसती आग होत होती. मधले कितीतरी मी तपासलेच नाहीत. त्यानं विचारलं, झाले सगळे? म्हटलं, झाले.”

“बाबांनी तपासले नाहीत?”

“एकही नाही. म्हणाला, तू केलंस ना, मग झालं.”

कोरणाऱ्यानं घसा खाकरला. “राग मानू नका, पण दारावरच्या पाटीचा भागाकार करायला कोण रिकामटेकडं बसलंय?”

“त्याच्या वर्गातली पोरं करतील. ते वेड त्यानंच लावलंय.”

“पण मग बाबा जन्मभर वर्गात चुकीचं शिकवत होते, असं होईल,” पुतणीचा आवाज चढला. “आकडाच नको. नुसतं नाव टाकू.”

मजकुराच्या कागदावरच्या ‘मूळ संख्या’वर काट मारून काकांनी शेजारी लिहिलं, १७०९ × ४०१३.

“आणि खालची ओळ?” कोरणाऱ्यानं विचारलं. “धाकट्याची? तीही काढायची ना?”

“ती आहे तशी कोर. चूक कुणाच्या वाट्याची, ते कळायला नको?”

पुतणीनं ती ओळ पुन्हा वाचली. मग होकारार्थी मान हलवली.

“या दोन्ही तरी मूळ आहेत ना?” काकांनी विचारलं.

“हो काका. पाहिलंय मी.”

“पाहिलं असशील,” असं म्हणून त्यांनी भागाकाराचा कागद उलटा केला आणि सतराशे नऊला तीननं भागायला घेतलं.