मडगार्डवरची लाल रेघ

मडगार्ड नसलं तरी मोटारसायकल चालते. हे मला कळतं, गल्लीतल्या पोरासोरांना कळतं, समोरच्या भानुमतीबाईंच्या म्हाताऱ्या सासूलासुद्धा कळतं. कळत नव्हतं ते फक्त आमच्या ह्यांना. "गाडी नंगी घेऊन कामावर जाऊ का?" म्हणायचे आणि पुन्हा घासायला बसायचे.

मिल बंद होऊन वर्ष उलटलं होतं. हे तिथं विणाई खात्यात जॉबर होते, म्हणजे कापड विणायचे साचे बिघडले की दुरुस्त करायचे आणि कारागिरांकडून काम करून घ्यायचं. आमच्या छत्रीबाग मोहल्ल्यात आजही कोणाला विचारा, 'मिलवाले दगडूभिया' म्हणूनच घर दाखवतील. सासरे महूच्या फौजेतले, त्यामुळे शिस्त घरातच मुरलेली. ड्यूटीला निघताना ह्यांच्या शर्टाची इस्त्री मोडलेली मी कधी बघितली नाही. मिल बंद झाल्यावर हा माणूस रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून खाटेवर बसून राहायला लागला. टीव्हीवर सांगायचे, देश आता खुला झाला, बाहेरच्या कंपन्या येणार, नवीन नवीन गाड्या येणार. येवोत बापड्या! आमची चूल तर माझ्या एकटीच्या पगारावर पेटत होती. मी राजेंद्र नगरच्या एका शाळेत आया होते.

अशात ह्यांचे मिलमधले दोस्त दिनानाथभिया काम घेऊन आले. देपालपूरला एका ठेकेदाराचं गोडाऊन होतं, तिथं मशिनीतलं कळणारा माणूस पाहिजे होता, आणि त्याच्याकडे स्वतःची गाडी पाहिजे होती. हे 'हो' म्हणाले. खरं सांगते, मी संध्याकाळी विहारात जाऊन मेणबत्ती लावून आले. घरी येऊन बघते तर ह्यांनी राजदूतचं मागचं मडगार्ड खोलून अंगणात ठेवलेलं.

"गंजलंय. तेवढं ठीक करतो, मग जातो," म्हणाले.

झालं! तिथून जे सुरू झालं ते संपेचना. आधी गंज खरवडला. भोकं पडली होती तिथं पत्रा लावला, ठोकून गोल केला. मग म्हणे मडगार्ड अरुंद आहे, तुझ्या पाठीवर चिखल उडतो, म्हणून कडेनं पत्र्याची पट्टी जोडून रुंद केलं. मी म्हटलं, "अहो, कामावर काय मी मागं बसून येणारेय?" तर हे पट्टी ठोकतच राहिले. मग पुट्टी भरली, पाणी लावून लावून पाणी पेपरनं घासली, लाल प्रायमर मारला. मच्छर मारायचा माझा फ्लिटचा पंप घेतला, त्यात काळा रंग नि थिनर भरला आणि फुसफुस करून मडगार्डवर मारला. कपडे वाळवायच्या तारेला मडगार्ड लटकायचं आणि धुतलेल्या साड्यांना थिनरचा वास. संबोधी, आमची मुलगी, कॉलेजात जाताना म्हणायची, "आई, मैत्रिणी विचारतात, पेंटरच्या घरून येते का तू?"

आणि रंग असा बसला होता म्हणून सांगू, तोंड दिसेल त्यात! पण ह्यांना वरून लाल रेघ पाहिजे होती. बारीक, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हातानं ओढलेली. ज्या हातांनी चालत्या साच्यातला तुटलेला धागा चुटकीसरशी जोडला, त्या हातांना ही रेघ जमेना. रेघ वाकडी व्हायची. मग लगेच पुसायची, काळा रंग खराब झाला म्हणून तोही घासायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून.

मी खूप बोलले त्या दिवसांत. नाचता येईना अंगण वाकडं, असंही बोलले. "लोक काय काय करून पोट भरून राहिलेत, आणि तुमचं एक मडगार्ड होत नाही!" हे ऐकून घ्यायचे. उलट बोलले असते तर बरं झालं असतं. 

एका रविवारी हे थिनर आणायला गेले होते आणि दारात जीप थांबली. ठेकेदाराचा माणूस होता. मी खुर्ची दिली, चहा ठेवला. चांगला बोलत होता बिचारा.

"भाभीजी, दगडूभिया को अब भेज दो. कल सुबह मैं इधर से ही निकलूँगा, वो अपनी गाड़ी पे साथ आ जाएँ. कल नहीं आए तो फिर सेठ दूसरा आदमी देखेंगे."

"येतील, येतील. पक्का," मी म्हटलं. "काम काय आहे पण तिथं?"

"अरे, मिल का माल उठाया है ना हमने. साँचे हैं सब, इन्हीं के खाते के. खोल-खोल के तोड़ना है, लोहा भट्ठी में जाएगा. इनको तो एक-एक नट मालूम है, इनके हाथ से फटाफट होगा."

तो चहा पिऊन गेला. मी कप हातात धरून तिथंच उभी राहिले. इतके दिवस घोडं कुठं पेंड खात होतं ते आता कळलं, आणि मला स्वतःच्या जिभेची लाज वाटली.

हे आले. जीप येऊन गेली, उद्या सकाळी निघायचंय, एवढंच मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. दुपारी ब्रश घेऊन बसले आणि एका दमात रेघ ओढली. सरळ. जरासुद्धा हलली नाही. मी ती रेघ बघितली आणि समजले, ह्यांनी जायचं ठरवलंय.

जेवताना पोळीचा तुकडा नुसता फिरवत होते ताटात. मी विचारलं, "तुमचेच साचे आहेत ना?"

"हो."

"तोडायचे?"

"तोडायचे."

"आणि तुम्ही हो म्हणून आलात?"

त्यांनी वर बघितलं. "घर तुझ्या एकटीच्या जिवावर चाललंय दुर्गा. शाळेतून येते तेव्हा तुझ्याच्यानं उभं राहवत नाही, मला दिसत नाही का? लोखंडच आहे ते. लोखंडाला काय कळतं?"

मी ताट उचललं. त्यांच्या ताटातलं सगळं तसंच होतं.

सकाळी हे अंघोळीला गेले. इस्त्रीचा शर्ट खुंटीला होता. मडगार्ड तारेवर लटकत होतं, रंग वाळून खणखणीत झालेला. गाडीला लावायला पाच मिनिटं लागली असती. मी ते खाली काढलं, अंगणात पोतं टाकून मांडीवर घेतलं आणि पाणी पेपर उचलला. हात पुढं होईना. इतक्या दिवसांची मेहनत होती ती, आणि किती सुंदर केलं होतं त्यांनी! मग डोळे मिटून घासलं. पहिल्यांदा लाल रेघ गेली. मग काळा रंग फाटला आणि खालचा प्रायमर दिसायला लागला.

हे बाहेर आले. शर्टाची बटणं लावता लावता थांबले. माझे हात कोपरापर्यंत काळे झालेले. मी मान वर केली नाही, घासतच राहिले. तेवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

"चलो दगडूभिया! गाड़ी तैयार?"

तसेच काळे हात घेऊन मी दारात गेले. "नहीं हुई भिया."

"अरे! फिर कब तक होगी?"

मी मागं वळून बघितलं. हे जागचे हलले नव्हते. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मला सांगता येणार नाही, पण नवरा आहे माझा, मला वाचता येतं.

"नहीं होगी," मी म्हटलं. "सेठजी को बोलना, दूसरा आदमी देख लो."

तो काहीतरी पुटपुटला आणि जीप गेली. पुढं काय, मला माहीत नव्हतं. शाळेतून आल्यावर आणखी दोन घरची कामं धरीन, असं मनात होतं, पण ते बोलायची ही वेळ नव्हती. मी येऊन पोत्यावर बसले. हे पण बसले माझ्यासमोर, इस्त्रीच्या शर्टासकट.

"पाणी कमी घातलंस," म्हणाले.  "ओरखडे पाडलेस बघ."

त्यांनी माझ्या हातातून पेपर घेतला, मगातलं पाणी ओतलं आणि घासायला लागले. मिल बंद झाल्यापासून एकदाही न रडलेला हा माणूस आता घासता घासता रडत होता. मी मडगार्ड दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं, हलू नये म्हणून.