सराईवालीची अकरा वाक्यं

माणूस फुकटात जितका अडकतो तितका पगारात अडकत नाही. पगाराची नोकरी नकोशी झाली तर राजीनामा खरडून साहेबाच्या टेबलावर ठेवता येतो. लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्यानं राजीनामा द्यायचा कुणाला? गवंडीकाकांना हा प्रश्न पडायला एकोणीस वर्षं लागली, आणि तोही बायकोनं पाडला म्हणून.

गवंडीकाका खरे गवंडी नव्हते. पाणीपुरवठा खात्यात नळांच्या जाळ्याचे नकाशे काढायचे. गवंडी हे त्यांचं ‘बारावाटा’मधलं नाव. बारावाटा हा इंटरनेटवरचा खेळ, पण त्यात चित्र औषधालाही नाही, सगळा शब्दांचा कारभार. तुम्ही ‘उत्तर’ असं लिहिलंत की उत्तरेकडच्या जागेचं वर्णन समोर उमटतं. तिथे कुणी चोर झालेला असतो, कुणी वैद्य, कुणी पदच्युत राणी, आणि त्या सोंगात राहूनच एकमेकांशी बोलायचं. जागा कुठलीही असो, अगदी जंगल असलं तरी तिला खोलीच म्हणायचं, असा तिथला रिवाज.

काका तिथे शिरले ते आठ दिवसांच्या रजेत, गंमत म्हणून. एका खोलीत नदीचं वर्णन होतं आणि ती नदी चक्क चढावर वाहत होती. पाणीपुरवठ्याच्या माणसाला हे कसं सोसणार? त्यांनी दोन पानी तक्रार लिहिली. ज्यानं हा खेळ बनवला होता त्याला सगळे मूळपुरुष म्हणत. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं : ‘मग तुम्हीच दुरुस्त करा.’ काकांनी नदी उताराला लावली, मग तिला काठ हवा म्हणून घाट बांधला, घाटाला रस्ता, रस्त्याला गाव. आता त्यांच्या नावावर तीन हजार एकशे चाळीस खोल्या होत्या. राहायला मात्र दोनच, आणि त्यांतली एकही नावावर नव्हती.

एवढ्यावर थांबतं तरी बरं होतं. पण घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. अकरा वर्षांपूर्वी मूळपुरुष एक काळी पेटी काखेत मारून काकांच्या दारात उभा राहिला. सगळं बारावाटा त्या पेटीत चालत होतं. “घर बदलतोय, दोन महिने सांभाळाल का?” म्हणाला. पुढे त्याला मुलं झाली, गुडघे दुखायला लागले, आणि दोन महिने काही संपले नाहीत.

पेटी आतल्या खोलीत कपाटाशेजारी बसली. तिच्या छोट्या पडद्यावर एक आकडा असे : जग सलग किती दिवस चालू आहे त्याचा. हा आकडा म्हणजे बारावाटाच्या मंडळींचा जीव की प्राण. जग एकदाही बंद पडू द्यायचं नाही, ही तिथली एकमेव प्रतिष्ठा. पण पेटी जुनी. दिवसातून एकदोनदा ती घुसमटायची, ‘टीं’ करायची, आणि दहा मिनिटांत कुणी तिचं पिवळं बटण दाबलं नाही तर सगळं ठप्प. एकदा ठप्प झाली तर पुन्हा उठेलच याची खात्री मूळपुरुषालाही नव्हती. नव्या यंत्रावर तो जुना प्रोग्राम चालत नव्हता, आणि कुठे काय लिहून ठेवलंय ते त्याला स्वतःलाच आठवत नव्हतं.

म्हणजे घरात कुणीतरी कायम हवं. काका दिवसा कार्यालयात. बायको रुग्णालयात परिचारिका. तिनं रात्रपाळी मागून घेतली. एक-दोन महिने, असंच तीही म्हणाली होती. अकरा वर्षं ती दिवसा पेटीशेजारी झोपली. ‘टीं’ झालं की उठायची, बटण दाबायची, पुन्हा कुशीवर वळायची. काका सहाला यायचे, ती आठला निघायची. मधल्या दोन तासांत जो काही झाला तो संसार. भाचीच्या लग्नाला ती एकटी गेली, सासऱ्यांच्या आजारपणात काका एकटे गेले. नातेवाइकांत अशी कुजबूज होती की यांचं पटत नाही. पटत नव्हतं असं नाही हो, एकमेकांशी भांडायलासुद्धा दोघं एका वेळी जागी सापडत नव्हती.

आणि आता बायकोला मेट्रनची जागा मिळाली होती. गाव वेगळं, बसनं सात तासांवर. दिवसपाळी. पहिल्या तारखेला रुजू व्हायचं. काकांच्या खात्याचं तिथेही कार्यालय होतं. साहेब भला माणूस, त्यानं बदलीचा अर्ज तयार करून पाठवला होता. काकांची सही तेवढी बाकी. तो कागद तीन आठवडे कीबोर्डखाली होता.

काकांना जायचं नव्हतं असं समजू नका. बायको पहिल्यांदा “मेट्रन” म्हणाली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि त्यांना मनापासून आनंद झाला होता. त्याच संध्याकाळी त्यांनी बारावाटाच्या पंचांची सभा बोलावली. पंच म्हणजे काकांसारखेच पाच फुकटे.

“पेटी हलवायची आहे,” काकांनी लिहिलं. “दोन दिवस जग बंद ठेवावं लागेल. नाहीतर कुणीतरी ती आपल्या घरी न्या.”

मग सहानुभूतीचा जो पूर आला तो विचारू नका. काकूंचं अभिनंदन. काकांच्या त्यागाला सलाम. एकानं तर काकांवर चार ओळींची कविता केली. पण पेटीसाठी घराचा एक कोपरा? एकाच्या घरात मांजर होतं, दुसऱ्याची बायको ऐकणारी नव्हती, हे त्यानं काकांना सांगावं! तिसरा म्हणाला, मोठा वेढा सुरू आहे, राजधानी पडायला पंधरा दिवस लागतील, तेवढं होऊ द्या. शेवटी पदच्युत राणीनं लिहिलं. ती बाई खरोखरच चार वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. ‘काका, दोन दिवसांनी पेटी उठली नाही तर मी कुठे जाऊ?’

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी काकांची गत झाली.

“वेढा लांबलाय, आणखी पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे,” ते बायकोला म्हणाले. “तू पुढे हो. मी रजा काढून घरी थांबतो. एवढा वेढा संपला की निघालोच.”

ती कपड्यांच्या घड्या करत होती. तिनं एक घडी पूर्ण केली. मग म्हणाली, “जायच्या आधी मला एकदा दाखवा.”

“काय?”

“ते. आत काय आहे ते.”

एकोणीस वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. काका इतके हरखले की त्यांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला, आपली खुर्ची पुसून तिला दिली आणि स्वतः स्टुलावर बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. तिला पाहुणी म्हणून आत घेतलं. बारा वाटांचा चौक, उताराची नदी, घाट. ती एकेक वर्णन नीट वाचत होती. “चांगलं लिहिता तुम्ही,” म्हणाली. काकांनी स्टूल पुढे ओढलं.

“आता पूर्व लिही,” ते म्हणाले. “तुझ्यासाठी गंमत आहे. चौदा वर्षं झाली, सांगायचं राहूनच गेलं.”

पूर्वेला सराई होती. वाटसरूंनी उतरायची जागा. उंबऱ्याशी एक बाई उभी, अस्तन्या दुमडलेल्या, कानामागे पेन्सिल. पेन्सिल पाहून बायकोचा हात नकळत आपल्या कानाकडे गेला.

तिनं लिहिलं : नमस्कार.

सराईवाली म्हणाली : ‘आलात? हातपाय धुवा, ताट वाढते.’

“तुझ्यावरूनच केलीय ती!” काकांना राहवेना. “खेळाडू नाही ती. आपलीच. लोकांचा भारी जीव आहे तिच्यावर. इथे चोर राजवाडा लुटतात, पण हिच्या कपबशीला हात लावत नाहीत. मावशी म्हणतात सगळे.”

बायकोनं विचारलं : तुम्ही मूळच्या कुठल्या?

‘गार झालं. परत गरम करू का?’

घरी कोण कोण असतं?

‘पाच मिनिटं म्हणाला होतात.’

दमत नाही का तुम्ही?

‘किल्ली खुंटीला आहे.’

ती लिहीत राहिली, सराईवाली बोलत राहिली. हळूहळू तीच तीच वाक्यं फिरून यायला लागली. काकांना जरा अवघडल्यासारखं झालं. “अकरा वाक्यं आहेत,” ते म्हणाले. “त्या काळी फार होती. बाकीच्या दुकानदारांना दोन-तीनच असायची.”

बायकोनं लिहिलं : चला, जरा बाहेर फिरून येऊ.

‘माझं काही नाही, तुमचं चालू द्या.’

“ही बाहेर येत नाही?” तिनं विचारलं.

“नाही, तिला स्थिर ठेवलंय. खोल्यांच्या किल्ल्या तिच्याकडे असतात ना. ती हलली तर सगळ्यांचंच अडेल.”

बायको पडद्याकडे बघत होती. काका तिच्याकडे.

“ही मी?”

“अगदी हुबेहूब! हो की नाही?”

“हो,” ती म्हणाली. “हुबेहूबच आहे.”

ती चिडली असती तर काकांनी समजूत काढली असती. रडली असती तर पाणी आणून दिलं असतं. पण तिनं फक्त खुर्ची मागे सरकवली आणि उरलेल्या घड्या घालायला गेली. काका स्टुलावरच बसून राहिले, आणि त्यांना पहिल्यांदा भीती वाटली.

तीस तारखेला सकाळी ती दोन बॅगा घेऊन निघाली. काकांना तिला बसपर्यंत पोचवायचं होतं, पण बसथांबा वीस मिनिटांवर, आणि पेटी दहा मिनिटांची. ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत गेले. पेटी एकटी असली की त्यांच्या पायांना त्यापुढचा रस्ता माहीतच नव्हता म्हणा ना. तिथून त्यांनी हात हलवला. तिनंही हलवला. घरी परत येताना ते अर्धं अंतर पळाले.

दिवसभर त्यांनी घरात येरझाऱ्या घातल्या. दुपारी ते एकदम पेटीसमोर बसले आणि सराईवालीची स्थिर ठेवण्याची खूण काढून टाकली. जा बाई, म्हणाले. ती थोडा वेळ उंबऱ्यात थांबली. मग पश्चिमेला गेली, घाटावरून नदीकडे, नदीकडून जंगलात. काका खोली-खोली तिच्या मागे चालत होते. जंगलात ती एका दगडासमोर उभी राहिली आणि म्हणाली : ‘आलात? हातपाय धुवा, ताट वाढते.’ मग दगडालाच म्हणाली : ‘गार झालं. परत गरम करू का?’

तिला दुसरं काही येतच नव्हतं. शिकवलंच कुणी होतं?

आपण घरात काय काय बोलतो ते काका आठवायला लागले. आलोच. पाच मिनिटं. एवढं झालं की. चौथं काही केल्या आठवेना. तिची निदान अकरा तरी होती.

ते उठले आणि पेटीमागे हात घातला. मोठं बटण पाच क्षण दाबून धरायचं, बस. आकडा ४०१७ वर होता. त्यांनी दाबलं. एक, दोन, तीन. तेवढ्यात पडद्यावर ओळ उमटली. पदच्युत राणी सराईच्या दारात आली होती : ‘मावशी कुठे गेली? कुणी आहे का?’

काकांचं बोट निघालं. त्यांनी काढलं नाही, आपोआप निघालं. मग ते स्वतःवरच इतके संतापले की त्यांनी भिंतीवर मूठ आपटली. कीबोर्डखालचा कागद ओढून काढला, पेन शोधलं, टोपण उघडलं.

फोन वाजला.

“पोचले,” बायको म्हणाली. “खोली चांगली आहे. मोठी खिडकी आहे.” मग म्हणाली, “सही केलीत?”

हे वाक्य अकरांत नव्हतं. याला उत्तरही नवं हवं होतं. पेन हातात होतं, कागद समोर होता, ‘हो’ हा शब्द ओठांवर होता. पडद्यावर ओळींवर ओळी चढत होत्या : मावशी हरवली, किल्ल्या अडकल्या, वाटसरू बाहेर खोळंबले, काका कुठे आहेत? आणि नेमकी पेटी घुसमटली. टीं.

“पाच मिनिटं,” काका म्हणाले.

म्हटल्या क्षणी त्यांनी जीभ चावली. पण पलीकडे ऐकू गेलं होतं.

“बरं,” ती शांतपणे म्हणाली. “घराची किल्ली तुमच्याकडेच ठेवा. मला आता लागणार नाही.”

आणि तिनं फोन ठेवला.

काकांनी पिवळं बटण दाबलं. जंगलातून सराईवालीला परत आणून उंबऱ्यात उभं केलं, खूण पुन्हा लावली. मग एकोणीस वर्षांची सवय, हात आपोआप कळांवर गेले. चांगलं वाक्य कानावर पडलं की ते विसरायच्या आत टिपून ठेवायचं, ही त्यांची काम करायची रीतच होती. सराईवालीच्या यादीत अकराव्याखाली त्यांनी बारावं लिहिलं.

मंडळी दारातून आत शिरली. पदच्युत राणीनं नमस्कार केला.

‘किल्ली तुमच्याकडेच ठेवा,’ सराईवाली म्हणाली. ‘मला आता लागणार नाही.’

‘अगंबाई, मावशी आज नवीन बोलली!’ राणीनं लिहिलं. ‘किती गोड! काका, तुम्हाला सुचतं तरी कसं हो हे?’

पाठोपाठ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कीबोर्डजवळ टोपण उघडं पेन तसंच पडलं होतं, आणि त्याची शाई कागदावर, सहीच्या जागेपासून जरा बाजूला, पसरत होती.